नाशवंत मालाचा हिशेब

संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. घरीं अकस्मात् दोन पाहुणे येतात. भाजी पुरेशी असते, पण पाव नसतो. म्हणून घरांतला मुलगा पिशवी घेऊन कोपऱ्यावरच्या वाण्याकडे धांवतो आणि रिकाम्या हातानें परत येतो. "पाव संपला," एवढेंच उत्तर त्याला मिळालेलें असतें. "हा वाणी कधीं शहाणा व्हायचा नाहीं! रोज पाव संपतो हें त्याला दिसत नाहीं काय? चार लाद्या जास्त घेतल्या तर त्याचें काय बिघडेल?" असा शेरा स्वयंपाकघरांतून बाहेर येतो. दादरला काय, पुण्याच्या पेठांत काय किंवा नागपुरास काय, हा शेरा थोड्याफार फरकानें सर्वत्र ऐकूं येतो, आणि त्यांत वाण्याची बाजू सहसा कोणी मांडीत नाहीं. वास्तविक चार लाद्या जास्त घेतल्या तर त्याचें बरेंच कांहीं बिघडतें, आणि किती बिघडतें हें कागदावर मांडून दाखवितां येतें.

किराणा मालाच्या दुकानांत दोन जातींचा माल एकाच छपराखालीं नांदत असतो. तांदूळ, तुरीची डाळ, साखर, मीठ, साबण ही पहिली जात. यांतलें पोतें आज विकलें नाहीं तर उद्यां विकतां येतें, उद्यां नाहीं तर पंधरा दिवसांनीं. दुकानदाराचें भांडवल त्यांत अडकून पडतें, जागा अडते, उंदरांची आणि किड्यांची भीति असते, हें सर्व खरें. पण रात्रीं कुलूप लावून तो निजला तर सकाळीं तांदूळ तांदूळच असतो. दुसरी जात दूध, पाव, दहीं, पनीर, अंडीं, पालेभाजी आणि फळें यांची. हा माल दुकानदार निजला असतांना स्वस्थ राहत नाहीं. तो म्हातारा होत असतो. म्हणून पहिल्या जातीबद्दल "किती आहे?" एवढा एकच प्रश्न विचारून भागतें. दुसऱ्या जातीबद्दल "किती आहे?" आणि "किती दिवसांचा आहे?" असे दोन प्रश्न विचारावे लागतात, आणि दुसऱ्याचें उत्तर ठाऊक नसेल तर पहिल्याच्या उत्तराला कांहीं अर्थ उरत नाहीं. फ्रीजमध्यें दह्याचे वीस डबे आहेत असें म्हटलें, तर ती संपत्ति आहे कीं कचरा आहे हें झांकणावरची तारीख वाचल्याशिवाय सांगतां येत नाहीं.

आतां पावाचा हिशेब पाहावा. आंकडे समजुतीपुरते घेतलेले आहेत. एक वाणी पावाची लादी ३२ रुपयांस घेतो आणि ४० रुपयांस विकतो. लादी विकली गेली तर ८ रुपये सुटतात. ती रात्रीपर्यंत राहिली आणि सकाळीं ताज्या पावापुढें तिला कोणी विचारलें नाहीं, तर ३२ रुपये बुडतात. म्हणजे एका उरलेल्या लादीचें नुकसान भरून काढण्यास दुसऱ्या चार लाद्या विकाव्या लागतात. ह्या वाण्यानें दहा दिवस गिऱ्हाइकांनीं मागितलेल्या लाद्यांची नोंद ठेवली. विकलेल्या नव्हे, मागितलेल्या. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण माल संपल्यावर रिकाम्या हातानें परत गेलेल्यांची मोजदाद गल्ल्यांत होत नाहीं. ती नोंद चढत्या क्रमानें लावली असतां अशी दिसते: १४, १५, १६, १७, १८, १८, १९, २०, २२ आणि २४. सरासरी अठराच्या थोडी वर.

सामान्य मनुष्य म्हणेल कीं, रोज अठरा लाद्या घ्याव्या. तसें केलें तर दहा दिवसांत १८० लाद्या घेतल्या जातील, १७० विकल्या जातील, १० फुकट जातील आणि पदरांत १,०४० रुपये पडतील. स्वयंपाकघरांतल्या शेऱ्याला मान देऊन, कोणालाही विन्मुख पाठवावयाचें नाहीं असें ठरविलें आणि रोज २४ लाद्या घेतल्या, तर १८३ विकल्या जातील, ५७ उरतील आणि दहा दिवसांच्या श्रमाचें फळ म्हणून ३६० रुपयांचा तोटा हातीं येईल. उलट रोज १५ किंवा १६ लाद्याच घेतल्या तर नफा १,१६० रुपये होतो, आणि याहून अधिक नफा दुसऱ्या कोणत्याही आंकड्यानें होत नाहीं. सोळा लाद्या घेणाऱ्या वाण्याचा पाव दहांपैकीं सात दिवस कोणाला ना कोणाला मिळत नाहीं. "संपला" हें त्याचें उत्तर आळसाचें नसून हिशेबाचें असतें.

ह्या हिशेबाचा नियम सोपा आहे. एक नग कमी पडल्यास जो नफा हुकतो आणि एक नग उरल्यास जें नुकसान होतें, त्यांची बेरीज करावी, आणि हुकणाऱ्या नफ्याला त्या बेरजेनें भागावें. येथें ८ भागिले ४०, म्हणजे एकपंचमांश. पांचांपैकीं एकाच दिवशीं सर्व मागणी पुरी पडेल इतका माल घेणें, हें अशा तुटपुंज्या नफ्याच्या जिनसेंत शहाणपणाचें ठरतें. अर्थशास्त्रज्ञ एजवर्थ यानें १८८८ मध्यें असाच विचार बँकेनें तिजोरींत रोकड किती ठेवावी ह्या प्रश्नाला लावला होता. १९५१ मध्यें ॲरो, हॅरिस आणि मार्शाक ह्या तिघांनीं अमेरिकेंत सांठ्याच्या शास्त्राची पद्धतशीर मांडणी केली. पाठ्यपुस्तकांत हा प्रश्न वर्तमानपत्र विकणाऱ्या पोऱ्याच्या नांवानें रूढ झाला, कारण कालच्या वर्तमानपत्राइतका लौकर शिळा होणारा माल विरळाच. कोपऱ्यावरच्या वाण्यानें ह्यांपैकीं कोणाचेंही नांव ऐकलेलें नसतें. चार वेळां हात पोळून तो त्याच आंकड्याच्या आसपास येऊन पोंचतो.

८ आणि ३२ हे दोन आंकडे बदलले कीं उत्तर बदलतें, आणि सगळी मौज येथेंच आहे. शिळी लादी सकाळीं १६ रुपयांस नेणारी एखादी खाणावळ जवळ असेल, कटलेटला लागणाऱ्या चुऱ्यासाठीं म्हणा, तर उरल्याचें नुकसान निम्म्यावर येतें आणि १७ लाद्या घेणें फायद्याचें होतें. बेकरीनें उरलेला माल पुऱ्या किंमतीस परत घेण्याचें कबूल केलें, तर वाणी डोळे मिटून २४ लाद्या घेईल. त्याचा नफा १,४६४ रुपये होईल, गिऱ्हाईक खूष राहील, आणि ५७ लाद्या बेकरीच्या माथीं जातील. तेव्हां एखाद्या दुकानाचें फडताळ रात्रीं दहा वाजतांही भरगच्च दिसलें, तर दुकानदार उदार आहे असें समजण्याचें कारण नाहीं. उरलेल्याचा भार दुसरा कोणीतरी वाहत असतो, किंवा नफा इतका मोठा असतो कीं उरणाऱ्या मालाची किंमत त्यांत आधींच मिळविलेली असते. ४० रुपयांत तयार होणारा केक १०० रुपयांस विकला जात असेल, तर तो दहांपैकीं सहा दिवस सर्वांना पुरेल इतका ठेवणें परवडतें. रात्रीं जे तुकडे कचऱ्यांत जातात त्यांचे पैसे दिवसां केक नेणारांनींच दिलेले असतात.

हा भार कोणाच्या खांद्यावर आहे यावर किती गोष्टी अवलंबून असतात याचें एक उदाहरण जपानांत घडलें. तेथील एका मोठ्या दुकानसाखळींत पुष्कळशीं दुकानें स्वतंत्र चालकांकडे होतीं. मुख्य कंपनीचा हिस्सा दुकानाच्या ढोबळ नफ्यावर ठरे, आणि तो नफा काढतांना फेंकून दिलेल्या मालाची किंमत वजा होत नसे. ती चालकाच्या पदरीं पडे. कांहीं चालकांनीं मुदत संपत आलेले जेवणाचे डबे उतरत्या भावानें विकावयास घेतले, तेव्हां कंपनीनें त्यांस अटकाव केला. जपानच्या व्यापार-आयोगानें जून २००९ मध्यें हा अटकाव बेकायदा ठरवून तो थांबविण्याचा हुकूम काढला. डबा तोच, भातहि तोच. पण तो फेंकल्यानें एकाचें नुकसान आणि त्याचा भाव उतरविल्यानें दुसऱ्याचें, एवढ्या भेदावरून किती अन्न कचऱ्यांत जावयाचें तें ठरत होतें.

वाण्याच्या पावाकडे पुन्हां वळावें, कारण त्याच्या हिशेबांत एक गोष्ट अद्याप धरलेली नाहीं. पाव न मिळालेला मुलगा पुढच्या गल्लींतल्या दुकानांत जातो. तेथें तो पावाबरोबर अंडीं घेतो, लोणी घेतो, आणि असें चार वेळां झालें म्हणजे पुढील महिन्याची किराण्याची यादीहि हळूच त्या दुकानाकडे जाऊं लागते. लादीवरचे ८ रुपये हुकले तर सोसवतें. यादी हुकली तर सोसवत नाहीं. म्हणून धोरणी वाणी सोळांवर न थांबतां सतरा-अठरापर्यंत जातो, पावांत थोडा नफा सोडतो आणि तो डाळतांदुळांत भरून काढतो. शिवाय दोन लाद्या तो कागदांत गुंडाळून आंत सरकवून ठेवतो. अनोळखी माणसाला "संपला" म्हणून सांगून होतें न होतें तोंच जुन्या गिऱ्हाइकाला "काकू, तुमच्यासाठीं ठेवला आहे" असें ऐकावयास मिळतें. पहिल्याला हा पक्षपात वाटतो आणि तो पक्षपात आहेच. पण दहा-वीस वर्षें एकाच दुकानांत यादी टाकण्याचें तें व्याज आहे.

उद्यां मागणी किती येईल हें आज रात्रीं ओळखणें, ही ह्या धंद्यांतली खरी विद्या. दुधाची आणि पावाची मागणी आदल्या दिवशींच कळवावी लागते. सकाळीं गाडी दारांत आल्यावर विचार करावयास सवड नसते. मोठीं दुकानें हें काम यंत्रांकडून करवितात. कोपऱ्यावरच्या दुकानांत तें काम भिंतीवरचें कॅलेंडर करतें, आणि त्यांतही तारखेपेक्षां तिथीकडे अधिक पाहिलें जातें. आषाढाच्या शेवटच्या दिवसांत अंड्यांचा खप उसळी मारतो आणि श्रावण लागतांच पुष्कळ वस्त्यांत तो एकदम बसतो. एकादशीला आणि संकष्टीला साबुदाणा, दाणे, बटाटे आणि दहीं यांची मागणी, नागपंचमीला दुधाची. एरवीं दुधाचें गिऱ्हाईक सकाळचें. पण कोजागरीच्या रात्रीं आठ वाजतां लोक दोन-दोन लिटर दूध मागावयास येतात. पाडव्याला आणि दसऱ्याला चक्का व श्रीखंड हातोहात जातें, आणि सण उलटला कीं तेंच श्रीखंड फ्रीजमध्यें आ करून बसतें. मार्गशीर्षांतल्या गुरुवारीं पूजेसाठीं पांच फळें हवीं असतात. तीं बुधवारीं संध्याकाळींच दुकानांत पाहिजेत आणि शुक्रवारीं उरतां कामा नयेत. रमजानच्या महिन्यांत मुसलमान वस्तीजवळच्या दुकानांत दुपार कलतांच फळें आणि खजूर यांची रीघ लागते. मे महिन्यांत अर्धीं बिऱ्हाडें गांवाला गेलेलीं असतात. महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत पनीर आणि चीज जातें, शेवटच्या आठवड्यांत नुसतें दूध. आणि मुंबईंत जुलैच्या एखाद्या दुपारीं आभाळ फाटून रुळांवर पाणी चढलें, कीं तासाभरांत दूध, पाव आणि अंडीं ह्या तिन्हींचा फडशा उडतो, आणि दुसऱ्या दिवशींची गाडी येईल कीं नाहीं हें कोणीच सांगूं शकत नाहीं.

ह्या ठिकाणीं यंत्राला ठेंच लागते ती मोठी शिकण्यासारखी आहे. "मागच्या वर्षीं ह्या तारखेला किती खपलें" असें यंत्राला विचारून चालत नाहीं, कारण सण तारखेला बांधलेले नाहींत. गणेशचतुर्थी २०२२ मध्यें ३१ ऑगस्टला होती, २०२३ मध्यें १९ सप्टेंबरला आणि २०२४ मध्यें ७ सप्टेंबरला. २०२३ सालीं तर श्रावणच अधिक आला. एका महिन्याचे दोन महिने झाले, आणि अधिक श्रावणांत कोणत्या घरीं अंडीं शिजणार व कोणत्या घरीं नाहीं हें त्या त्या वस्तींतल्या दुकानदारालाच माहीत. पंचांग शिकविलेलें यंत्र ही चूक टाळतें. पण तें शिकवावें लागतें, आणि शिकविणारा मनुष्य बहुधा असाच एखादा जुना दुकानदार असावा लागतो.

मागणीचा अंदाज बरोबर आला तरी माल सांभाळला नाहीं तर सगळें व्यर्थ. येथें सर्वांत मोठा गैरसमज फ्रीजविषयीं आहे. फ्रीज म्हणजे काळ थांबविणारें कपाट, असें पुष्कळांस वाटतें. पिशवींतलें दूध ७२ अंशांपर्यंत तापवून पंधरा सेकंद त्या उष्णतेवर ठेवलेलें आणि मग थंड केलेलें असतें. त्यानें रोगकारक जंतु मरतात, परंतु दूध नासविणारे सर्वच मरत नाहींत. जे उरतात ते ४ अंशांखालीं सुस्तावतात आणि ऊब मिळतांच वाढूं लागतात. पिशवीवरची मुदत ही सतत थंडीच्या अटीवर दिलेली हमी आहे. पहांटे रस्त्याच्या कडेला ट्रेमध्यें एक तास, दुकान उघडेपर्यंत अर्धा तास, गिऱ्हाइकाच्या पिशवींत भाजी आटोपेपर्यंत पाऊण तास, हे सगळे उबदार तास दुधाच्या आयुष्यांतून कापले जातात. पुन्हां फ्रीजमध्यें ठेवल्यानें ते परत मिळत नाहींत. कोठें कोठें विजेचें बिल वांचविण्यासाठीं रात्रीं फ्रीज बंद करण्याची चाल आहे. तिचा परिणाम तारखेंत दिसत नाहीं, तो दुसऱ्या दिवशीं गिऱ्हाइकाच्या पातेल्यांत दिसतो. फ्रीज खच्चून भरण्याची चालहि तितकीच वाईट. थंड हवा फिरावयास जागा उरली नाहीं तर कांहीं माल थंड आणि कांहीं कोमट राहतो.

थंडी सर्वांनाच मानवते असेंहि नाहीं. पाव फ्रीजमध्यें ठेवला तर बुरशी उशिरां येते हें खरें, पण तो लौकर कडक होतो. कारण पावांतलें पिष्ट फ्रीजच्या थंडींत बाहेरच्यापेक्षां अधिक वेगानें घट्ट बनतें. केळीं सुमारें १३ अंशांखालीं गेलीं तर साल काळवंडते. टोमॅटोची चवहि थंडींत उतरते. कोथिंबीर ही ह्या सर्वांत नाजूक. ती तोडल्यावरही श्वास घेत असते, उष्णता दहा अंशांनीं वाढली कीं तिचा श्वास दोन-तीन पट जलद होतो, पाणी उडून जातें आणि पानें माना टाकतात. त्यांत ती पिकत्या केळ्यांच्या शेजारीं ठेवली तर पिकणाऱ्या फळांतून निघणारा इथिलीन वायु तिला पिवळी पाडतो. फळभाजीचा व्यापारी ओलें गोणपाट पसरून त्यावर जुड्या मांडतो आणि केळीं दुसऱ्या टोकाला टांगतो, तें ह्या रसायनशास्त्राचें नांव न घेतां केलेलें आचरण होय. अंडीं त्या मानानें सोशीक. कवचांतल्या सूक्ष्म छिद्रांतून ओलावा जाऊन आंतली हवेची पोकळी दिवसेंदिवस वाढत जाते. म्हणून ताजें अंडें पाण्यांत तळाशीं आडवें बसतें आणि जुनें उभें राहूं लागतें.

आतां वयाचा प्रश्न. जुना माल पुढें आणि नवा मागें, हा नियम प्रत्येक दुकानदाराला पाठ असतो. पण तो पाळला जातो कीं नाहीं हें दुकानाच्या रचनेवर अवलंबून आहे. वाण्याच्या दुकानांत मध्यें फळी असते. गिऱ्हाईक अलीकडे, माल पलीकडे. कोणती पिशवी द्यावयाची हें वाण्याचा हात ठरवितो, आणि तो हात स्वाभाविकपणें कालच्या पिशवीकडे आधीं जातो. ६ सप्टेंबर १९१६ रोजीं अमेरिकेंत मेम्फिस येथें क्लॅरेन्स सॉन्डर्स यानें आपलें पहिलें स्वयंसेवेचें दुकान उघडलें आणि ही फळी काढून टाकली. गिऱ्हाईक टोपली घेऊन आंत शिरूं लागलें, नोकरांचा पगार वांचला, विक्री वाढली. पण त्याबरोबर निवड दुकानदाराच्या हातून गिऱ्हाइकाच्या हातीं गेली, आणि गिऱ्हाइकाचा हात उलट दिशेनें चालतो. कोणत्याही सुपरमार्केटांत दह्याच्या कपाटासमोर पांच मिनिटें उभें राहिल्यास हें पाहावयास मिळतें. सुशिक्षित गृहस्थ पुढचे चार डबे बाजूला सारतात, कोपरापर्यंत हात आंत घालतात आणि सर्वांत मागचा डबा विजयी मुद्रेनें बाहेर काढतात. तो डबा त्याच रात्रीं जेवतांना संपणार असतो. पुढचे चार डबे मात्र पुढच्या दिवशीं आणखी एका दिवसानें वडील होतात, आणि अखेर त्यांची किंमत मागच्या डब्यांवर चढते. जपानांत २०२१ सालीं सरकारी खात्यांनीं आणि दुकानांच्या संघटनेनें मिळून, लगेच खावयाचें असेल तर पुढचाच नग उचला, अशा पाट्या फडताळांवर लावण्याची मोहीम सुरू केली. गिऱ्हाइकाच्या हाताला वळण लावण्यासाठीं सरकारला पाटी लिहावी लागली, यावरून त्या हातांत किती सामर्थ्य आहे तें कळतें.

वेष्टनावर तारीख छापण्याची चाल ह्या फळी काढण्याशींच निगडित आहे. ती आरंभीं गिऱ्हाइकासाठीं नव्हती. इंग्लंडांतील मार्क्स अँड स्पेन्सर ह्या दुकानानें १९५० नंतरच्या दशकांत विक्रीची मुदत आपल्या कोठारांतल्या मालावर घातली ती नोकरांना जुना माल ओळखतां यावा म्हणून. दुकानाच्या फडताळावर, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर, ती १९७० मध्यें आली. घरांत मात्र दोन निरनिराळ्या तारखांची अजून गल्लत होते. 'अमुक दिवसापर्यंत उत्तम' ही तारीख चवीची, कुरकुरीतपणाची हमी असते. ती उलटली म्हणून बिस्किटाचें विष होत नाहीं. 'अमुक दिवसापर्यंत वापरावें' ही मुदत मात्र सुरक्षिततेची, आणि दूध, पनीर यांच्या बाबतींत तिच्याशीं खेळूं नये. भारतांत १ ऑक्टोबर २०२० पासून मिठाईच्या दुकानांनीं सुट्या मिठाईच्या ताटासमोरहि ही उत्तमतेची तारीख लावली पाहिजे असा नियम झाला. पेढ्याच्या ताटाचें वय पूर्वीं फक्त हलवायाला ठाऊक असे.

मुदत संपत आलेल्या मालाचें काय करावें, याचें उत्तर मंडईंतल्या भाजीवाल्या बाईनें केव्हांच शोधून काढलें आहे. सकाळीं वीस रुपयांची मेथीची जुडी रात्रीं आठ वाजतां दहाला, आणि उठण्याच्या वेळीं "घेऊन जा सगळ्या, काय द्यायचें तें द्या." छापील किंमत ही कमाल मर्यादा असते, तिच्याखालीं विकण्यास वाण्यालाही कोणाची बंदी नाहीं. पण त्याला धास्ती वाटते कीं, रोज रात्रीं भाव उतरतो असें कळलें तर सकाळचें गिऱ्हाईक रात्रीं येईल. ही धास्ती अगदींच खोटी नाहीं, तरी तिचा बाऊ फार होतो. चहाला दूध सकाळीं लागतें, आणि त्यासाठीं कोणी रात्रीपर्यंत थांबत नाहीं. फ्रान्सनें २०१६ मध्यें कायदा करून मोठ्या दुकानांना खाण्याजोगें अन्न मुद्दाम नासविण्यास बंदी केली आणि ४०० चौरस मीटरांहून मोठ्या दुकानांनीं तें धर्मादाय संस्थांना देण्याचे करार करावे असें ठरविलें. मोठ्या दुकानाला हें जमतें. चार लाद्या आणि दोन पिशव्या दूध उरलेल्या वाण्यासाठीं कोणतीच संस्था गाडी पाठविणार नाहीं; तो त्या लाद्या रात्रीं दुकानांतल्या पोऱ्याबरोबर घरीं धाडतो.

दुकानांवर सर्व दोष टाकण्यापूर्वीं आणखी एक आंकडा पाहिला पाहिजे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरणविषयक संस्थेनें २०२४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं जगांत दुकानें, खानावळी आणि घरें मिळून सुमारें १०५ कोटी टन अन्न वायां गेलें. त्यांत दुकानांचा वांटा १२ टक्के, खानावळींचा २८ टक्के आणि घरांचा ६० टक्के. घरांतला फ्रीज हेंहि एक दुकानच आहे. फरक इतकाच कीं, त्याला वही नसते आणि उरलेल्याचा तोटा कोणी मांडीत नाहीं. दुकानांतून मागचा डबा जिंकून आणणारे गृहस्थ घरीं तोच डबा पुढें ठेवतात आणि आधींचा मागें ढकलतात. पंधरा दिवसांनीं फ्रीज आंवरतांना तो सांपडतो.

गेल्या कांहीं वर्षांत मुंबई-पुण्याकडे आणखी एक पालट झाला आहे. मोबाइलवर बोट टेकावें आणि दहा-पंधरा मिनिटांत दूध-पाव दारांत यावा, अशी दुकानें निघालीं आहेत. त्या दुकानांत गिऱ्हाइकाला प्रवेश नाहीं. तें एक कोठार असतें, आणि नोकर यादी पाहून जिन्नस पिशवींत भरतात. सॉन्डर्सनें काढलेली फळी अशा रीतीनें परत आली आहे. निवड पुन्हां विकणाराच्या हातीं गेली, जुना माल आधीं काढणें त्याला पुन्हां सोपें झालें, आणि सांठ्याच्या दृष्टीनें हें चांगलेंच आहे. परंतु जुन्या फळीपलीकडे ओळखीचा वाणी उभा असे, "हें आजचेंच ना?" असें त्याला विचारतां येई, आणि खोटें बोलल्यास दुसऱ्या दिवशीं त्याच गिऱ्हाइकाचें तोंड त्याला पाहावें लागे. नव्या फळीपलीकडे कोणाचेंच तोंड दिसत नाहीं. नोव्हेंबर २०२४ मध्यें भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानें अशा विक्रेत्यांना बजावलें कीं, माल घरीं पोंचेल तेव्हां त्याच्या आयुष्याचा किमान ३० टक्के भाग किंवा ४५ दिवस शिल्लक असले पाहिजेत. पिठाच्या पिशवीला हा नियम पुष्कळ झाला. दोन दिवस टिकणाऱ्या दुधाला ह्या ३० टक्क्यांचा अर्थ सुमारें चौदा तास असा होतो. म्हणजे संध्याकाळीं सहाला मागविलेली पिशवी नियमाप्रमाणें आलेली असली, तरी तिचें दूध सकाळच्या चहापलीकडे ठेवण्याजोगें असेलच असें नाहीं, आणि दारांत पिशवी घेतांना आधीं तारीख पाहून मगच ती आंत न्यावी लागते.